समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर राहावी की १०० वर आणावी?

घाटवळण
आधी कायदा, म्हणजे वाद भरकटणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र ठरवतं. राज्य तो कमी करू शकतं, वाढवू शकत नाही. एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत द्रुतगती मार्गावर मोटारींना १२०, बसना १०० आणि मालवाहू गाड्यांना ८० दिले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द ठरवली. तरीही डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला तेव्हा फलक १२० चेच लागले.

माझं मत १०० चं. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले. १०० ची गाडी साधारण ९७ मीटरवर थांबते, १२० ची १२९ वर. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी ७५ च्या वर असते. ओल्या रस्त्यावर हे अंतर आणखी वाढतं.

सरळरेघ
असहमत. हा रस्ता १५० च्या वेगासाठी आखलेला आहे. वळणांची त्रिज्या, बाहेरच्या बाजूचा उंचावा, पुढचं दिसण्याचं अंतर, सगळं त्या हिशोबाने. अशा रस्त्यावर चालक फलकापेक्षा रस्ता बघून वेग ठरवतो. फलक १०० चा केला तर काही जण १०० ने जातील, बाकीचे १२० नेच. म्हणजे एकाच लेनमधला वेगातला फरक वाढला. शिवाय ७०१ किलोमीटरला १०० ने सात तास लागतात, १२० ने पाच तास पन्नास मिनिटं. हा फरक किरकोळ नाही.

घाटवळण
आखणीचा वेग रस्त्याचा असतो, गाडीचा किंवा चालकाचा नव्हे. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

सरळरेघ
ते सूत्र प्रत्यक्ष सरासरी वेगाचं आहे, फलकावरच्या आकड्याचं नाही. फलक २० ने उतरवला म्हणून सरासरी २० ने उतरत नाही.

डावीलेन
दोघेही मोटारीच्या काचेतून बघताय. खरी अडचण ट्रकची आहे. ट्रकला ८० वर बांधलेला स्पीड गव्हर्नर असतो. समोरचा ट्रक ७० ने चालला असेल, तर ८० वाल्याला सुरक्षित अंतर धरून पुढे जायला साधारण १०० मीटर जास्त कापावे लागतात. दहाच्या फरकाने त्याला ३६ सेकंद लागतात. तेवढ्यात १२० ची मोटार १.२ किलोमीटर येते, म्हणजे ८० च्या ट्रकच्या ४०० मीटर जवळ. ट्रकवाल्याने आरशात पाहिलं तेव्हा ती लांब वाटली होती! म्हणून मी १०० च्या बाजूने आहे. फरक ४० वरून २० वर आला की ट्रकमागे ब्रेक लावायला दुप्पट वेळ मिळतो.

पण रात्री कडेला उभा असलेला, मागचे दिवे बंद असलेला ट्रक १०० नेही चुकवता येत नाही. लो बीममध्ये ५०-६० मीटरपलीकडचं अंधारलेलं वाहन नीट दिसत नाही, आणि थांबायला ९७ लागतात. तिथे मागची परावर्तक पट्टी, मोटार ट्रकखाली घुसू न देणारा मागचा संरक्षक दांडा आणि गाडीमागे लांबवर ठेवलेला त्रिकोण जीव वाचवतो. पट्टी चिखलाने माखलेली असेल तर असून नसल्यासारखीच. निघण्याआधी फडकं मारा.

सरळरेघ
हे शंभर टक्के मान्य. टायरचंही घ्या. साध्या मोटारीचा टायर १८०-१९० पर्यंतच्या वेगाला प्रमाणित असतो, १२० मुळे तो फुटत नाही. फुटतो तो कमी हवेमुळे: बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि तासाभराने सुटते. हवा टायर थंड असतानाच तपासा. भिंतीवरच्या उत्पादन-तारखेच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा टायर लांबच्या प्रवासाला नको.

कलम१८३
मर्यादा कमी करायची तर नुसता फलक पुरत नाही. राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर चिन्ह, दोन्ही लागतात. महिनाभरापुरत्या निर्बंधाला तेवढी अधिसूचनेची सूट आहे. कामाच्या जागेचा फलक काम संपल्यावरही तसाच राहिला, तर त्यावरच्या चलनाला हरकत घेता येते.

चलन आलं तर दोन गोष्टी बघा. नोटीस १५ दिवसांत निघाली का? उपकरणाचं प्रमाणपत्र चालू आहे का? ते दर वर्षी नवं लागतं. आणि एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा होत नाही, यंत्राची नोंद लागते. कलम १८३ नुसार हलक्या वाहनाला दंड १,००० ते २,०००, अवजडला २,००० ते ४,०००.

खाजगी बसच्या बाबतीत याच कलमात एक तरतूद आहे, ती कुणी वापरताना दिसत नाही. मर्यादा मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असं वेळापत्रक जाहीर करणं, हाच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा आहे. १०० की १२० ठरवण्याआधी त्या वेळापत्रकांची छाननी व्हावी.

डावीलेन
समृद्धीवर पथकर प्रवेश आणि निर्गमनाच्या अंतरावर घेतात, म्हणजे दोन्ही वेळा नोंदलेल्या असतात. त्यातूनच सरासरी वेग काढून चलन का नको?

कलम१८३
कारण मध्ये अर्धा तास जेवायला थांबलेला १४० वाला त्यात निर्दोष निघतो. शिवाय ती यंत्रणा पथकरासाठी आहे, वेगमापनासाठी प्रमाणित नाही. वेगळे प्रमाणित कॅमेरे लागतील, तेही मध्ये थांबायला जागा नसलेल्या छोट्या टप्प्यांवर.