बहिणीची इंजिनिअरिंगची फी, कॉलेज म्हणतंय आधी सगळी भरा

दादा_परभणीकर:
बहिणीचा कॅप राउंडमधून (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. आम्ही ओपनमधले, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आहे, २ लाखाच्या आतला. मुलींना फी माफ असं सगळे म्हणतात पण कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं आधी सगळी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. बाबा सोसायटीचं कर्ज काढायचं म्हणतायत. कुणाला नक्की माहितीये का?

शेवटचं_वर्ष:
दादा कर्ज काढू नका, थांबा जरा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे ना, त्यात आधी ट्यूशन फी आणि परीक्षा फी निम्मी मिळायची, ८ जुलै २०२४ च्या जीआरने (शासन निर्णयाने) मुलींना पूर्ण केली, उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. खिडकीवर तोंडी बोलू नका, फीचं ब्रेकअप कागदावर मागा. ट्यूशनचा रकाना वेगळा, डेव्हलपमेंटचा वेगळा. डेव्हलपमेंट, मेस, होस्टेल हे माफीत नाही, तेवढ्याचीच तयारी ठेवा. बाबा अल्पभूधारक असतील तर होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचा फॉर्म पण भरा, महाडीबीटीवरच आहे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या साइटवर.

पासबुक_रिकामं:
वरचं सगळं बरोबर, पण खातं आधी बघा, कळकळीने सांगतोय. माझा फॉर्म अप्रूव्ह झाला, पैसे जमा असं दिसत होतं आणि पासबुकात काहीच नाही, तीन महिने बँक कॉलेज बँक कॉलेज, शेवटी कळलं शाळेत असताना काढलेल्या जुन्या खात्याला आधार सीडिंग होतं, म्हणजे सरकारी पैशासाठी आधार त्याच खात्याला जोडलेलं, पैसे तिकडे पडलेले. बँकेत नुसतं आधार लिंक आहे का विचारलं तर हो म्हणतात, केवायसीचं, नुसत्या ओळखीपुरतं असतं ते. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, एनपीसीआय (बँकांचे पेमेंट जोडणारी संस्था) सीडिंग असंच म्हणा. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, ओटीपी टाकून. आणि फॉर्म भरला म्हणजे झालं नाही, कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडून राहतो, आठवड्याला स्टेटस बघत जा. दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं ते वेगळंच.

दादा_परभणीकर:
आत्ताच बघितलं, खरंच दुसरीच बँक दाखवतंय, आठवीत काढलेलं खातं! उद्या तिला घेऊन बँकेत जातो, तिथून कॉलेजला. जीआरची प्रिंट काढून ठेवलीये. बाबांना सांगितलं सोसायटीत आज जाऊ नका. दोघांचे खूप आभार.