करणी, दृष्ट आणि प्रार्थना: तुमच्या घरात काय चालायचं?

धागाकर्ता, पिंपरी

गेल्या महिन्यात आमच्या नव्या फ्लॅटची गृहप्रार्थना होती. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यासमोर लिंबू. अर्धं चिरलेलं, कुंकू लावलेलं, वर दोन टाचण्या. माझं बालपण नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाउंडात गेलं. अठरा वर्षं संडेस्कूल शिकवतोय, बायबलमधल्या दावीदाचा गोटा त्या धिप्पाड गल्याथाला कुठे लागला ते फळ्यावर काढून दाखवतो. आणि त्या सकाळी मी काय केलं? पोट आत ओढून, भिंतीला घासत, लिंबाच्या बाजूने निघून गेलो. बायकोने पाहिलं. तेव्हापासून घरात माझं नाव गल्याथ आहे.

सासूबाईंनी आधी 'त्याला कुणी शिवू नका' असं बजावलं आणि मग बायबलमधलं स्तोत्र 91 मोठ्याने वाचलं. दोन्ही एकाच दमात. चर्चचे पाळकसाहेब आले, त्यांनी लिंबू उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं, हात धुतले आणि विचारलं, "पोहे झालेत का?"

त्यावरून हा धागा. करणी खरी की खोटी हा वाद इथे नको, त्यात रात्री गेल्यात आपल्या. मला ऐकायचंय ते एवढंच: भीती दारात आली तेव्हा तुमच्या ख्रिस्ती घरात नेमकं काय केलं गेलं? पुस्तकात काय लिहिलंय ते नको, प्रत्यक्ष काय झालं ते लिहा. आणि 'अमक्या काकूंनीच केलं होतं' छापाचं काही लिहू नका, कुणाचंही नाव घेऊ नका.

कुपारीण, वसई

आमच्याकडे लिंबू नाही, मीठ-मिरची. बाळ चिडचिडं झालं, दूध पिईना, की आजी सात सुक्या मिरच्या आणि खडेमीठ मुठीत घ्यायची, बाळावरून उतरवायची आणि चुलीत टाकायची. हिंदू शेजारीण करते तेच, फरक एवढाच की आजी ओठांतल्या ओठांत 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायची आणि 'आम्हाला वाईटापासून सोडव' इथे येऊन मूठ उघडायची. ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. (लहानपणी मी मुद्दाम ठसका दाबून धरायचे.)

शिवाय झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली झावळी वर्षभर क्रुसामागे खोचलेली असायची. मोठं वादळ आलं की तिचं एक पान जाळायचं. बाप्तिस्मा न झालेलं बाळ तिन्हीसांजेनंतर अंगणात न्यायचं नाही.

आमच्या वेळचे फादर कडक होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यांनी कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीतला 2117 क्रमांकाचा परिच्छेदच वाचून दाखवला. जादूटोणा तर निषिद्धच, तो दुसऱ्याला बरं करण्यासाठी केला तरी. आणि ताईत घालणंही गैर. मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग फादरने स्वतःच्या गाडीत आरशाला संत बेनेडिक्टचं पदक कशाला टांगलंय?" पदकावर 'व्ही आर एस' अशी अक्षरं असतात, सैताना, मागे हो, या अर्थाच्या लॅटिन शब्दांची. मी तो प्रश्न फादरना विचारला. ते हसले आणि म्हणाले, पदक आठवण म्हणून असेल तर प्रार्थना, विमा म्हणून असेल तर ताईत. उत्तर चांगलं होतं, पण आजीला काही ते पटलं नाही. मलाही माझ्या स्कूटीच्या किल्लीला लावलेलं पदक नेमकं काय आहे, हे आजवर ठरवता आलेलं नाही.

बार्देसकार, सध्या ठाणे

कुपारीणबाई, आमची दिश्ट तशीच, फक्त मिरचीला मिरसांग म्हणायचं. 1736 मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक लांबलचक फर्मान काढून ख्रिस्ती घरांतल्या देशी रिवाजांवर बंदी घातली होती, लग्नातल्या हळदीपर्यंत. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचं बंद झालं. दिश्ट अजून चालू आहे.

माझ्या वडलांना देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, भीती वाटायची नाही, आदर वाटायचा. शेताच्या बांधावरून रात्री येताना ते क्रूस करायचे आणि वर हळूच 'येतो रे' म्हणायचे. कुणाला, ते कधी सांगितलं नाही. संध्याकाळी चर्चमध्ये आंजेलूसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा झाली की आम्ही मुलं घरात, हा नियम मात्र लष्करी होता.

तीट, नागपूर

माझं लग्न आंतरधर्मीय. मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी पायात काळा दोरा बांधला. मी काढला. त्यांनी बांधला. मी काढला. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, तुम्ही दोघी मिळून त्या पोरीचा पाय काढाल. शेवटी तह झाला: दोरा नाही, गालावर काजळाची तीट चालेल, आणि झोपवताना मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार तेव्हा सासूबाई खोलीत बसणार. आता त्या 'आमेन' माझ्याआधी म्हणतात.

जालन्याचा मास्तर

मराठवाड्यात राहून भानामती ऐकली नाही असा माणूस विरळा. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका घरात ती 'आली', त्याची हकिगत लिहितो. बरीच वर्षं झाली, घर ओळखू येणार नाही एवढं बदलून लिहितोय.

दोरीवरचे कपडे पेटायचे. पिठाच्या डब्यात खडे निघायचे. मग थोरल्या मुलीच्या दंडावर, पोटरीवर काळ्या फुल्या उठायला लागल्या. मुलगी दहावीत होती. घरच्यांनी आधी तीन दिवस उपास-प्रार्थना ठेवली. मी होतो त्यात. रात्री अकरापर्यंत गाणी, साक्षी, प्रभूच्या रक्ताची घोषणा. चौथ्या दिवशी पुन्हा ओढणी जळाली. मग कुजबुज सुरू झाली की घरात काहीतरी पाप लपलंय. त्यानंतरची कुजबुज अजून वाईट होती: बोट शेजारच्या विधवा बाईकडे जायला लागलं, कारण तिचं आणि यांचं बांधावरून भांडण होतं.

पाळकीणबाई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी मुलीचा दंड उजेडात धरून पाहिला. काही बोलल्या नाहीत. सगळ्यांना म्हणाल्या, पुरुषांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन स्तोत्रं म्हणावीत, मला हिच्याबरोबर एकटीने प्रार्थना करायचीय. आम्ही बाहेर सव्वा तास गायलो. घसा बसायची वेळ आली.

फुल्या बिब्ब्याच्या होत्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की उततं, काळं पडतं, हे पाळकीणबाईंना ठाऊक होतं. मुलीचं लग्न मामाच्या मुलाशी ठरवलं होतं, परीक्षा व्हायच्या आत. घरात 'नाही' म्हणायची सोय नव्हती, आणि 'लागीर झालेल्या' मुलीला कोण करून घेतो?

पाळकीणबाई बाहेर आल्या आणि काय म्हणाल्या ते मला शब्दशः आठवतं. "प्रभूने दाखवलं. वाईट या घरात आहे, शेजारी नाही. लग्न पुढे ढकला." पोरीचं नाव त्यांनी घेतलंच नाही. पुढे बापाशी काय बोलल्या ते त्यांनाच माहीत, पण लग्न मोडलं. कपडे पेटायचे थांबले. आजही त्या घरातले लोक साक्ष देतात की उपास-प्रार्थनेने भानामती गेली. मी खोटं म्हणत नाही. पण त्यांच्या आणि माझ्या म्हणण्यात फरक आहे.

धागाकर्ता

मास्तर, ती विधवा बाई? तिला कुणी काही सांगितलं?

जालन्याचा मास्तर

नाही. कुणीच नाही. तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

नाइट ड्युटी, मिरजेजवळ

मी परिचारिका. माझी आईही परिचारिका, तिची आईही. मिशनच्या दवाखान्यात वाढलेले आम्ही लोक. त्यामुळे माझा सूर जरा तिखट लागेल, सांभाळून घ्या.

देवऋषाकडून उशिरा आलेले सर्पदंश सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्याबद्दल बोलताना आपण ख्रिस्ती लोक जरा सुखावतो, बघा किती अंधार आहे म्हणतो. मला सांगायचंय ते आपल्या बाजूचं. नऊ वर्षांचा मुलगा, फिट येणारा. गोळ्यांवर दोन वर्षं एकही झटका नाही. एका प्रार्थनासभेत कुणीतरी सांगितलं की हा दुरात्मा आहे, आता निघालाय, आणि गोळी चालू ठेवणं म्हणजे अविश्वास. आईने गोळ्या एकदम बंद केल्या. फिटच्या गोळ्या अशा अचानक तोडल्या की झटके उसळून येतात, थांबता थांबत नाहीत. रात्री दोन वाजता आणलं त्याला. वाचला. आई माझा हात धरून विचारत होती, "सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का?" त्या प्रश्नाचा मला जेवढा राग आला तेवढा कुठल्या मांत्रिकाचाही आलेला नाही.

प्रार्थनेला माझा विरोध नाही. सलाइन लावताना मी स्वतः मनात करते. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा असं आहे, आणि पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, हेही त्याच नव्या करारात आहे. कॅथलिक चर्चमध्ये भूत काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुठल्याही फादरला करता येत नाही, आणि हा आजार तर नाही ना हे आधी बघायचं असतं. आमच्या छोट्या मंडळ्यांना असा लगाम कुणी घालायचा?

आणि महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा 'त्यांच्यासाठी' आहे या भ्रमात राहू नका. घरातली, देवळातली, चर्चमधली प्रार्थना त्यात येत नाही. पण भूत काढायच्या नावाखाली मारहाण, किंवा साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र घालणं, हे येतं. सहा महिने ते सात वर्षं कैद. करणारा गळ्यात काय घालतो हे कायदा विचारत नाही.

सेमिनरीतला, पुणे

लांब लिहीत नाही, अभ्यासातल्या दोन गोष्टी फक्त. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात, अध्याय 18 मध्ये भूतविद्या, मंत्रतंत्र, मृतांना विचारणं हे सगळं अमंगळ म्हटलंय, निर्गम 22:18 तर चेटकिणीचा सरळ जीव घ्यायला सांगतं. याच वचनाचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतकं बायका मारल्या गेल्या, आणि 1692 मध्ये अमेरिकेतल्या सेलमला 19 जणांना फाशी दिलं, एकाला दगडांखाली चिरडलं. मारणारे चर्चला जाणारे लोक होते.

पण 1 शमुवेल 28 मध्ये एन-दोरची बाई आहे, मृतांना बोलावणारी. शौल राजा दिवसरात्र उपाशी, जमिनीवर कोसळलेला. त्याला उठवून, घरातलं पोसलेलं वासरू कापून, भाकरी भाजून जेवू घालते ती हीच. त्या अध्यायावर मी बरीच प्रवचनं ऐकली, ती भाकरी कुणाच्या तोंडी आली नाही. आणि प्रेषितांची कृत्ये 19: इफिसात जादूटोणा करणाऱ्यांनी विश्वास ठेवल्यावर पुस्तकं जाळली, किंमत पन्नास हजार रुपये, म्हणजे चांदीची नाणी. जाळली ती आपापली.

नवापूरवाला

उशिरा लिहितोय, धागा थंडावला असेल. आम्ही भिल्ल, ख्रिस्ती तिसऱ्या पिढीपासून.

नंदुरबारकडे डाकण, म्हणजे चेटकीण, हा शब्द शिवी नाही, निकाल आहे. माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, गल्लीत दोन मुलं महिन्याभरात तापाने गेली. भगताने दाणे टाकले आणि फुईचं घर दाखवलं. फुई विधवा, तिच्या नावावर तीन एकर. दीर सगळ्यात पुढे होता, हे सांगायला नकोच. रात्री माणसं आली. तिला केसांना धरून बाहेर काढलं. वडील आणि पाळक वेळेत पोचले म्हणून वाचली. पाळकांनी तिला मिशनच्या आवारात खोली दिली. सहा महिने ती तिथेच.

इथवर मी बऱ्याच ठिकाणी साक्ष म्हणून सांगितलंय. लोक 'हालेलुया' म्हणतात. पुढचं सांगत नाही, ते आज लिहितो.

आमच्याच मंडळीतल्या बायका फुईच्या बाकावर बसत नव्हत्या. लहान मुलांना तिच्या नजरेसमोरून पदराआड न्यायच्या. तिने केलेला चहा 'आत्ताच झाला' म्हणून कुणी घेत नव्हतं. 'प्रभूच्या रक्ताचं संरक्षण आहे' हे गाणं म्हणत म्हणत तिच्यापासून दोन हात लांब सरकायच्या. माझी आईसुद्धा. आमच्याकडे प्रभुभोजनाला एकच प्याला फिरतो. फुई मागे बसायची, तर तिच्या आधी घ्यायला मिळावं म्हणून पुढे ढकलाढकली व्हायची. तिच्यानंतर ओठ लावायला कुणी तयार नव्हतं.

पाळकांनी हे दोन महिने पाहिलं. एका रविवारी त्यांनी प्याला भरला, वेदीपासून चालत थेट मागच्या बाकापर्यंत गेले आणि पहिला फुईला दिला. मग तिथेच उभं राहून स्वतः प्यायले. मग प्याला हातात धरून पुढे आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. पंखा बंद होता, बाहेर कोंबडं ओरडत होतं, एवढं आठवतं.

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग माझी आई उठली. तिचे हात थरथरत होते, थोडा द्राक्षरस पदरावर सांडला. तिच्यामागे वडील, मग मी. चार बायका उठून दाराबाहेर गेल्या. त्यातल्या दोघी पुढच्या महिन्यात परत आल्या. दोघी अजूनही दुसऱ्या मंडळीत जातात.