कँटनच्या बंदरातील 'छाप' आणि 'सराफ'

चीनच्या कँटन (आजचे ग्वांगझू) बंदरात परदेशी व चिनी व्यापारी जी मिश्र बोली वापरत, तिचे 'पिजिन' हे नाव 'बिझनेस' या शब्दाच्या चिनी उच्चारातून आले, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. परंतु ती व्यापारी बोली केवळ इंग्रजी आणि कँटनी (तेथील स्थानिक चिनी भाषा) यांच्या मिश्रणातून घडली, असे जे म्हटले जाते ते मात्र मला पटत नाही. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा चीनशी असलेला सागरी व्यापार प्रामुख्याने कँटनमधूनच चालत असे आणि जहाजांबरोबर तेथे हिंदुस्थानी व पोर्तुगीज शब्दही उतरत. आपल्याही ओळखीचा 'छाप' तेथे 'चॉप' झाला. त्याचा अर्थ शिक्का, परवाना आणि पुढे मालाची प्रत असा विस्तारत गेला, म्हणून उत्तम माल तो 'फर्स्ट चॉप'. स्पॅनिश चांदीची नाणी पारखणाऱ्या चिनी माणसाला 'श्रॉफ' म्हणत. हा मूळ अरबी शब्द म्हणजे आपला 'सराफ', आणि हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर तो आजही लिहिलेला दिसतो, याचे मला फार अप्रूप वाटते. देवमूर्तीसाठी रूढ झालेला 'जॉस' हा तर पोर्तुगीज 'देउश' (देव) या शब्दाचाच अपभ्रंश आहे.