ट्यूनरचा सेल आठ दिवसांत संपतो, मदत हवी आहे

लष्करवाली
तंबोरा सुरात लागलाय का ते दाखवणाऱ्या ट्यूनरचा सेल आठ-दहा दिवसांत संपतो. या महिन्यातला हा तिसरा. दुकानदार म्हणतो, "मॅडम, सेल म्हणजे सेल, त्यात काय पाहायचं." रविवारी घरी गाण्याची छोटी बैठक आहे, त्याआधी काय ते सांगा. नवा ट्यूनर घ्या असं कृपया कोणी सुचवू नये.

सोल्डरगन
ट्यूनर कुठला? सेल कुठला? रोज किती वेळ चालू असतो? यातलं एकही लिहिलं नाहीत.

लष्करवाली
क्लिपचा, तंबोऱ्याच्या खुंटीला लावतो तो. सेल गोल चपटा. सगळ्यांत तोच असतो ना?

सोल्डरगन
नसतो. सेलवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून लिहा.

तिरकिट
ताई, इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन टाका. अडॅप्टरवर चालतो, सेलची कटकटच नाही. मी सहा वर्षं वापरतोय.

लष्करवाली
घरात मिरजेचे दोन तंबोरे आहेत हो. मी सेलबद्दल विचारलंय.

खर्ज
ग्वाल्हेरात राहून ट्यूनर! तानसेनच्या कबरीपाशी चिंचेचं झाड आहे, पाला खाल्ला की गळा सुरेल होतो म्हणतात, तो खा, सेल लागणार नाही. विनोद सोडा, पण जवारी काढलेल्या, म्हणजे घोडी घासून तारांना झंकार आणलेल्या तंबोऱ्यावर हे यंत्र गोंधळतंच. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेत मूळ सा पेक्षा वरचे स्वयंभू, त्याच तारेतून आपोआप निघणारे स्वर जोरात बोलतात, मग पडद्यावर कधी पंचम दिसतो, कधी गंधार. मधल्या दोन तारांची जोडी कानानेच लावायची असते.

लष्करवाली
काका, मला लावता येतो तंबोरा. ट्यूनर मुलींसाठी आहे. सात जणी येतात, एकीचा पंचम लागेपर्यंत दुसरीची जोड उतरते. आणि या थंडीत तर विचारूच नका.

सराफ्यातला खवय्या
थंडीवरून आठवलं, मल्टिमीटर लावून बघा. माझ्या बाद सेलने २.९ व्होल्ट दाखवले होते. म्हणजे सेल चांगला आणि ट्यूनरच खराब. तुमचंही तेच असणार.

सोल्डरगन
नुसता मीटर लावून काही कळत नाही. हा लिथियमचा सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. आतला रोध मात्र वाढत जातो, त्यामुळे पडद्याचा दिवा लागला की व्होल्टेज कोसळतं. थंडीत हे आणखी वाढतं. पहाटेच्या रियाजाला बंद पडलेला ट्यूनर दुपारी उन्हात चालू झाला, तर सेल मेलेला नाही, गारठलाय.

सराफ्यातला खवय्या
माझा २.९ चा सेल घड्याळात अजून चालतोय. त्याचं काय?

सोल्डरगन
घड्याळ अगदी चिमूटभर वीज खातं. ट्यूनर बकासुर आहे. रंगीत पडदा आणि मागे दिवा असला तर १० मिलिअँपिअर धरा. नेहमीच्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे २२ तास. रोज अडीच तास वापरलात तर नऊ दिवस झाले. यात बिघाड कुठला आला?

सराफ्यातला खवय्या
मग चार्जिंगचे सेल घ्यावेत, त्याच मापाचे मिळतात.

सोल्डरगन
अजिबात घेऊ नका! माप तेच, पण ते ३.६ व्होल्टचे. पूर्ण भरले की ४.२. तीन व्होल्टचं यंत्र जळू शकतं. शिवाय साठा जेमतेम ४० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास.

लष्करवाली
भांडण संपलं असेल तर सांगते. सेलवर सीआर२०२५ लिहिलंय. आणि खाली चंदेरी कागदाची घडी आहे. दुकानदाराने घातली असावी, मी कधी झाकण उघडून पाहिलंच नव्हतं. वापर म्हणाल तर रोज पंधरा मिनिटं, सुरुवातीला तंबोरे लावण्यापुरता.

सोल्डरगन
हेच पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर! २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तुमचा २०२५, जाडी २.५. व्होल्टेज तेच, पण साठा कमी. सेल हलतो म्हणून ती घडी. कागद सरकला की स्पर्श तुटतो आणि आपल्याला वाटतं सेल संपला. जुने सेल फेकले नसतील तर नीट बसवून पुन्हा लावून बघा.
पण पंधरा मिनिटांचं गणित जमत नाही. आपोआप बंद होतो का?

लष्करवाली
डब्यावर तसं लिहिलंय. मुलींनी बंद केला नाही तरी होतो म्हणे. वर्गभर खुंटीवरच असतो.

खर्ज
वर्गभर मुली त्याच सा मध्ये गातात ना? मग कोपऱ्यातला तंबोरा न छेडता आपसूक बोलत असणार. हात लावून बघा, तारा थरथरताना कळतील.

सोल्डरगन
वा काका. आवाज थांबल्यावरच हे ट्यूनर ठरावीक वेळाने बंद होतात. तारा थरथरतायत तोवर यंत्राला वाटतं कोणी लावतंय. म्हणजे दोन-अडीच तास दिवा चालू. लावून झाला की क्लिप काढा.

दोन लेकरांची आई
जुने सेल वाटीत-ड्रॉवरमध्ये ठेवत असाल तर आधी उचला. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गंमत नाही. आमच्याकडे थोडक्यात निभावलं.

लष्करवाली
चारही उचलून वरच्या फळीवर ठेवले. धन्यवाद.
२०३२ आणला, वेगळ्या दुकानातून. कागद काढला. जुन्यांपैकी एक दाबून धरला तर ट्यूनर चालू झाला, म्हणजे दुकानदाराला उगाच पैसे दिले. काका म्हणाले ते खरं निघालं: मुलींनी सा लावला आणि तंबोऱ्याला हात न लावता पडदा हिरवा झाला. त्या इतक्या हसल्या की पुढचा अलंकाराचा रियाज झालाच नाही. आता क्लिप माझ्या पदराला.

खर्ज
पदराला लावून बैठकीत बसू नका म्हणजे झालं. यमन गाणार की पूरिया?

गिटारवाला_मुरार
माझ्या गिटारच्या पिकअपमधली (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या भागातली) ९ व्होल्टची बॅटरी पण लवकर संपते. काय करू?

सोल्डरगन
केबल खोचून ठेवता का? खोचली की सर्किट चालू होतं. काढून ठेवत जा.

गिटारवाला_मुरार
हो, कायम खोचलेलीच असते. पण मागच्या गिटारला असं होत नव्हतं.

लष्करवाली
दादा, वेगळा धागा काढा. आणि मागची गिटार कुठली ते पहिल्याच ओळीत लिहा.