मदत हवी आहे : टोरोंटो–डॅनफोर्थ मतदारसंघात कोण राहत होतं, कोण मत देत होतं? जनगणनेचे आकडे कसे जुळवायचे?

ग्रीनवुडकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी टोरोंटोच्या पूर्वेला, ग्रीनवुड अव्हेन्यूच्या जवळ राहते. आमचा संसदेचा मतदारसंघ टोरोंटो–डॅनफोर्थ. आमच्या वस्तीतले काही जण मिळून या मतदारसंघाच्या इतिहासाचे फलक तयार करतोय. परिसरातल्या वाचनालयात लावायचे आहेत. मजकूर माझ्याकडे आलाय. निम्मं काम हातावेगळं झालं, उरलेल्या निम्म्यावर घोडं अडलंय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नेमकं कुठे अडलंय ते कळेल.

खासदारांचा भाग जुळला. १९३५ च्या निवडणुकीपासून इथे ब्रॉडव्ह्यू आणि ग्रीनवुड असे दोन शेजारी मतदारसंघ होते. ब्रॉडव्ह्यूतून टोरोंटोचे माजी महापौर टॉमी चर्च निवडून यायचे, १९५० साली ते वारले तेव्हाही खासदारच होते. त्यांच्या जागी आले जॉर्ज हीस, जे पुढे पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या मंत्रिमंडळात होते. दोघेही कॉन्झर्व्हेटिव्ह. तेव्हाची वस्ती बहुतेक ब्रिटिश वंशाच्या, प्रॉटेस्टंट कामगार कुटुंबांची. ऑरेंज लॉज या प्रॉटेस्टंट संघटनेचा शहरावर केवढा पगडा होता हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको.

आणि मग १९६० च्या दशकात सगळं उलटं झालं. १९६२ साली ग्रीनवुडमध्ये अँड्र्यू ब्रूइन आणि १९६५ साली ब्रॉडव्ह्यूमध्ये जॉन गिल्बर्ट, दोघेही एनडीपीचे, म्हणजे डावीकडे झुकणाऱ्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे. गिल्बर्ट गेल्यावर १९७८ च्या पोटनिवडणुकीत बॉब रे आले. १९७९ पासून दोन्ही मतदारसंघ एक होऊन ब्रॉडव्ह्यू–ग्रीनवुड झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अर्थसंकल्पावर रे यांनी मांडलेली उपदुरुस्ती १३९ विरुद्ध १३३ मतांनी मंजूर झाली आणि जो क्लार्क यांचं सरकार पडलं! आमच्या गल्लीच्या खासदाराने पंतप्रधान घरी पाठवला हे वाचल्यापासून मला या मतदारसंघाचं वेड लागलंय. रे यांच्यानंतर १९८२ मध्ये लिन मॅकडोनाल्ड आल्या. धूम्रपान न करणाऱ्यांना कामाच्या ठिकाणी संरक्षण देणारा १९८८ चा कायदा त्यांच्या खासगी विधेयकातून झाला. १९८८ मध्ये लिबरल डेनिस मिल्स आले. २००० साली मतदारसंघाचं नाव टोरोंटो–डॅनफोर्थ झालं. २००४ मध्ये जॅक लेटन यांनी मिल्स यांना हरवलं. २०११ मध्ये त्यांनी एनडीपीला १०३ जागा मिळवून विरोधी पक्षनेतेपद पटकावलं आणि त्याच वर्षी २२ ऑगस्टला ते गेले. २०१२ च्या पोटनिवडणुकीत क्रेग स्कॉट, २०१५ पासून लिबरल ज्युली डॅब्रुसिन.

आता अडचण. प्रत्येक कालखंडापुढे 'तेव्हा इथे कोण राहत होतं' हे लिहायचं आहे. डोळ्यांना दिसतं ते असं : डॅनफोर्थवर ग्रीक पाट्या, ब्रॉडव्ह्यू आणि जेरार्डच्या चौकात चिनी दुकानं, ग्रीनवुड ते कॉक्सवेल जेरार्डवर आपला इंडिया बाजार. यावरून 'ग्रीक, चिनी आणि भारतीय स्थलांतरित आले आणि मतदारसंघ डावीकडे वळला' असं वाक्य सहज लिहिता येतं. आमच्या गटातल्या काहींना ते फार आवडलंय. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला हाताशी काही नाही. जनगणनेचे आकडे उघडले तर दर वेळी मतदारसंघाची हद्द वेगळी, प्रश्नही वेगळे.

तर, हद्दी बदलत असताना वेगवेगळ्या वर्षांची लोकवस्ती एकमेकांशी कशी ताडून पाहायची? ६० च्या दशकातलं ते वळण खरंच नव्याने आलेल्यांमुळे होतं का? आणि आज इथे किती मराठी कुटुंबं राहतात हे कुठे मिळेल? एका फलकावर तेही यावं असं मनापासून वाटतं.

आकडेमोड

ताई, मतदारसंघाच्या तक्त्यापासून सुरुवातच करू नका. कॅनडात दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर प्रत्येक प्रांतासाठी तीन जणांचा स्वतंत्र आयोग हद्दी नव्याने आखतो. अध्यक्ष न्यायाधीश असतो, तो प्रांताचे मुख्य न्यायाधीश नेमतात, उरलेले दोघे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे, म्हणजे कॉमन्सचे सभापती नेमतात. ताज्या फेरीत ओंटारिओच्या जागा १२१ वरून १२२ झाल्या, पण टोरोंटो शहराची एक जागा गेली, २५ च्या २४ राहिल्या. शहराची वाढ बाकी प्रांताच्या मानाने मंदावली, म्हणून. दर जागेमागे सरासरी १,१६,५९० लोक धरले होते. एक मतदारसंघ पुसला गेला की शेजारच्यांच्या कडा सरकतात. त्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगवेगळे नकाशे असू शकतात.

उपाय असा. जनगणनेत 'सेन्सस ट्रॅक्ट' नावाचे छोटे विभाग असतात, साधारण काही हजार वस्तीचे. टोरोंटोत ते १९५० च्या दशकापासून आहेत आणि फारसे हलत नाहीत. वाढलेच तर एकाचे दोन होतात, बेरीज करून परत एक करता येतात. तुम्ही आधी स्वतःचा एक पक्का तुकडा ठरवा : पश्चिमेला डॉन नदी, दक्षिणेला सरोवर, पूर्वेला कॉक्सवेल, उत्तरेला तुम्हाला पटेल ती रेघ. त्यात बसणारे ट्रॅक्ट घ्या आणि प्रत्येक जनगणनेत त्यांचीच बेरीज करा. फलकावर स्पष्ट लिहा की हा तुकडा तुमचा आहे, आयोगाचा नाही.

आता प्रश्नांचं. 'वांशिक मूळ' हा रकाना लांबच्या तुलनेसाठी वापरू नका. १९९६ मध्ये त्या प्रश्नाच्या उदाहरणांत 'कॅनेडियन' घातलं गेलं आणि तसं उत्तर देणारे एकदम प्रचंड वाढले. ब्रिटिश वंशाचे लोक रातोरात कुठे गेले नाहीत, त्यांनी फक्त वेगळं उत्तर लिहिलं. मातृभाषेचा रकाना त्यामानाने स्थिर आहे, तो धरा. दुसरा खड्डा २०११ चा. त्या वर्षी सक्तीचा मोठा प्रश्नसंच काढून त्याऐवजी ऐच्छिक सर्वेक्षण घेतलं होतं, २०१६ ला सक्ती परत आली. उत्पन्न, स्थलांतर, शिक्षण यांसाठी २००६ वरून सरळ २०१६ वर उडी मारा.

मराठीचं म्हणाल तर २०१६ आणि २०२१ च्या तक्त्यांत मातृभाषा म्हणून मराठीची वेगळी ओळ आहे. पण स्टॅटिस्टिक्स कॅनडा गोपनीयतेसाठी आकडे ५ च्या पटीत वर-खाली करते. लहान भागात खरे सात जण असले तर छापलेला आकडा पाचही असेल, दहाही. त्यामुळे मराठीसाठी ट्रॅक्टची बेरीज नको, चूक साचत जाते. तिथे मात्र अख्ख्या मतदारसंघाचा तयार आकडा घ्या. २०२१ चा तक्ता जुन्या आणि नव्या दोन्ही हद्दींवर मिळतो.

जुना शेजारी

१९७४ साली मी टोरोंटोत आलो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर दोन गोष्टी सांगतो.

जेरार्डवर नाझ थिएटर सुरू झालं ते १९७२ साली. आमच्यासाठी ते तीर्थक्षेत्रच. शनिवारी हिंदी सिनेमा, मग डाळी, मसाले, पानं, बायकोला साडी. हॅमिल्टनहून, माँट्रिअलहून, अगदी सीमेपलीकडून बफेलोहूनही गाड्या यायच्या. पण त्या गर्दीतले किती जण तिथे राहत होते? आम्ही राहायचो डॉनच्या पलीकडे, उत्तरेला. ओळखीची बहुतेक मराठी, गुजराती, पंजाबी कुटुंबंही शहराच्या इतर टोकांना विखुरलेली. दुकानांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये घरं होती ती इंग्लिश, आयरिश, स्कॉटिश मंडळींची, पुढे चिनी कुटुंबांची. पुढे आपली माणसं ब्रॅम्प्टन, मिसिसागाला गेली आणि दुकानंही त्यांच्यामागे निघाली. तेव्हा इंडिया बाजार हा त्या मतदारसंघाच्या चेहऱ्यात नक्की धरा. मतदारांत धरताना मात्र जपून.

दुसरं, नागरिकत्वाचं. १९७७ चा नवा कायदा येईपर्यंत नागरिकत्वासाठी पाच वर्षं थांबावं लागायचं, मग ती मुदत तीन वर्षांवर आली. मलाही त्याचाच फायदा झाला आणि १९७९ ला मी पहिल्यांदा मत दिलं. ग्रीक लोकांची मोठी लाट १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. म्हणजे १९६२ आणि १९६५ ला त्यातले कितीसे मतदार असणार? ब्रूइन आणि गिल्बर्ट यांना निवडून दिलं असेल ते मुख्यतः त्याच जुन्या कामगार वस्तीने. बापाने टॉमी चर्चना मत दिलं, मुलगा कारखान्यात युनियनचा झाला आणि त्याने एनडीपीला दिलं. माझ्या मते वळण एकाच घरातलं होतं. नवे लोक मतदार म्हणून आले ते त्यानंतर.

ग्रीनवुडकर

काका, हे वाचून अंगावर काटा आला. मुदतीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता आणि आमच्या गटापुढे मांडायला मला नेमकं हेच हवं होतं. रस्त्यावर पाट्या कोणाच्या, घरात राहतं कोण आणि मतदान कोण करतं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक फलकावर त्या वेगळ्या दाखवेन. कार्लॉ अव्हेन्यूवर रिग्लीचा च्युइंगमचा कारखाना होता, आता तिथे महागडी घरं आहेत. युनियनवाल्या त्या पिढीबद्दल लिहायला तो पत्ता उत्तम आहे.

एक उपप्रश्न : मतदान केंद्रांनुसार निकाल मिळतात. त्यावरून अमुक गल्लीत अमुक समाजाने कोणाला मत दिलं असं लिहिता येईल का?

आकडेमोड

नाही. कृपया लिहू नका. आगाऊ मतदान अनेक केंद्रं मिळून एकत्र मोजतात, टपालाची मतं वेगळ्या गठ्ठ्यात जातात. दिवसेंदिवस आगाऊ मतदान वाढतंय, म्हणजे गल्लीच्या केंद्रावर दिसतो तो तुकडाच. आणि समजा सगळी मतं हाती आली, तरी ज्या भागात ग्रीक जास्त तिथे लिबरल जास्त, यावरून ग्रीकांनी लिबरलला मत दिलं हे सिद्ध होत नाही. त्यांच्या शेजाऱ्यांनी दिलं असेल. समाजाच्या नावावर मत चिकटवणं अन्यायाचं आहे. वाचनालयात ते वाचणारी माणसं त्याच समाजाची असतील.

हद्द बदलल्यावर जुने निकाल नव्या नकाशावर कसे पडले असते, याचा हिशोब इलेक्शन्स कॅनडा स्वतः करून छापते. २०२१ चे निकाल २०२५ शी ताडायचे असतील तर तोच आकडा घ्या, स्वतः वाटणी करू नका.

डॉनकाठ

एक सावधगिरी. 'टोरोंटो–डॅनफोर्थ' हे नाव तीन ठिकाणी आहे. संसदेचा मतदारसंघ, प्रांताच्या विधानसभेचा मतदारसंघ आणि महापालिकेचा वॉर्ड १४. २०१८ मध्ये प्रांत सरकारने पालिकेचे वॉर्ड ४७ ऐवजी २५ केले आणि ते तेव्हाच्या संसदीय मतदारसंघांवर बेतले. आता संसदेचे २४ झाले, पालिकेचे २५ च राहिले. विधानसभेची २०२५ ची निवडणूकही जुन्याच हद्दींवर झाली. इंटरनेटवर या नावाचा कुठलाही नकाशा सापडला की आधी तो कुठल्या सभागृहाचा आणि कुठल्या वर्षाचा ते पाहा. निकालही वेगळे आहेत. विधानसभेत २००६ पासून एनडीपीचे पीटर टॅबन्स, संसदेत २०१५ पासून लिबरल. म्हणजे २०१५ नंतर तेच रस्ते, तीच घरं एकाच वेळी दोन पक्षांना निवडून देत आली आहेत. यावर एक फलक व्हायलाच हवा, माझ्या मते सगळ्यात बोलका तोच होईल.

शिवाय उत्तरेकडचा ईस्ट यॉर्कचा भाग विसरू नका. १९९८ मध्ये टोरोंटोत विलीन होईपर्यंत ती वेगळी नगरपालिका होती. जुन्या टोरोंटो शहराच्या कागदपत्रांत त्या गल्ल्या सापडणार नाहीत, ईस्ट यॉर्कच्या कागदांत शोधा.

ग्रीनवुडकर

सगळ्यांचे खूप आभार. आता असं ठरवलंय : डॉन ते कॉक्सवेल हा तुकडा कायम, १९६१ पासून मातृभाषेचा रकाना, २०११ गाळायचं, मराठीसाठी २०२१ चा मतदारसंघाचा आकडा 'सुमारे' लिहून. १९६५ च्या फलकावर काकांचा मुद्दा, शेजारी नागरिकत्वाची मुदत ठळक. डॉनकाठ, दोन सभागृहांचा फलक तुमच्या सांगण्यावरून वाढवला.

दोन गोष्टी अजून हव्यात. १९६१ आणि १९७१ च्या ट्रॅक्टचे छापील नकाशे कोणाकडे स्कॅन केलेले आहेत का? वाचनालयातली प्रत फाटकी आहे, नेमका पेप आणि डॅनफोर्थचा कोपरा गेलाय. आणि काका, नाझ थिएटरच्या दिवसांतला जेरार्डचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटोत माणसं असतील तर त्यांना विचारूनच लावू.