फेन्सआधी पातं तपासा

टेबल सॉवर (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवतात ती सरळ पट्टी, पात्याला समांतर नसेल तर लाकूड उलटं फेकलं जातं, हे या चर्चेत आधी आलंय ते बरोबरच. पण फेन्स समांतर लावायला टेपने पातं ते फेन्स अंतर मोजायचा जो सल्ला इथे दिलाय, तो मला पटत नाही. आधी पातं मायटर खाचेला (पात्याशेजारी टेबलात कोरलेली सरळ खाच) समांतर हवं, मग त्याच खाचेवरून फेन्स लावायची. प्लग काढून पातं पूर्ण वर घ्या, एका दातावर मार्करने खूण करा, तो पुढे असताना खाचेपासूनचं अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, कारण पातं किंचित वाकडं असेल तर दुसऱ्या दातावरचं माप फसवतं. फरक 0.1 मिमीच्या आत आला की पुरे.

आणि एक गोष्ट इथे कुणीच काढली नाही: रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्याच्या लगेच मागे उभी असणारी धातूची पट्टी. सगळं समांतर असलं तरी आतून ताण असलेलं लाकूड कापता कापताच मिटतं आणि पात्याला चिमटतं. मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलून थेट तुमच्याकडे भिरकावतात. नाइफ ती चीर उघडी ठेवते. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त, पण दातांच्या कापापेक्षा कमी हवी. पातळ कापाचं नवं पातं घेताना हे हमखास राहून जातं: 2.5 मिमीची नाइफ 2.4 मिमीच्या चिरेत शिरतच नाही, लाकूड मध्येच अडतं, मग लोक वैतागून नाइफच काढून ठेवतात. कृपा करून तसं करू नका, पातं बदला.