हळदीच्या तेलाचा आलेख शेपटाला जुळत नाही, मदत हवी आहे

मंडळी, सांगलीच्या हळदीवर एम.टेक.चं काम चालू आहे. दळलेल्या हळकुंडातून ३०० बार, ५० अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइडने तेल काढतोय. (या वायूचा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वर तो द्रवासारखा तेल विरघळवतो, ३१ अंश, ७४ बार; अडचण तिथे नाही.) निघालेल्या तेलाचा आलेख आधी सरळ चढतो, तिथे विद्राव्यतेचं (वायूत किती तेल विरघळतं याचं) गणित चोख बसतं. पुढे तो वाकतो, म्हणजे तेल हळू येऊ लागतं, आणि माझं मॉडेल मात्र सगळं तेल संपवून मोकळं! सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या कडा फाटलेल्या, आतल्या पिवळ्या पेशी शाबूत. मग संशोधक सोव्होवा यांचं १९९४चं फुटक्या-अखंड पेशींचं मॉडेल (फुटक्या पेशींतलं तेल झटकन, अखंड पेशींतलं हळू निघतं असं मानणारं) घ्यावं, की आकसत्या गाभ्याचं (तेल कणाच्या कडेकडून आत संपत जातं असं मानणारं)? फुटक्या पेशींचा वाटा वळणावरून काढला तर चालेल का? चाळण्या ०.३ आणि ०.६ मिमीच्या आहेत. दोन्हींतल्या कणांना आतला मास ट्रान्सफर गुणांक (तेल कणाच्या आतून किती वेगाने बाहेर येतं तो आकडा) एकच लावणं मला पटत नाही. सर म्हणतात, लाव.